तहसीलसमोरचं एक सेवा केंद्र, जिथे 'हा कागद लागत नाही' असंही सांगतात

पाचपैकी साडेचार स्टार देतेय. अर्धा कुठे कापला ते पुढे लिहितेच, पण आधी हे केंद्र इतकं चांगलं का वाटलं ते सविस्तर सांगायचंय. दाखले काढून देणारी केंद्रं प्रत्येक तालुक्यात डझनावारी आहेत, कॉम्प्युटर तेच, पोर्टल तेच, दरफलकही तोच, मग फरक पडतो कुठे? खुर्चीवर बसलेला माणूस आधी प्रश्न विचारतो की आधी कागद मागतो, इथे फरक पडतो. आणि हा फरक एखाद्या मुलीच्या अॅडमिशनइतका मोठा असू शकतो हे मी यंदा डोळ्यांनी बघितलं.

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव आहे. तहसील कचेरीच्या गेटसमोर झेरॉक्सवाले, टायपिंगवाले, स्टॅम्प व्हेंडर, चहाची टपरी अशी रांग असते ना सगळीकडे, त्यातलाच एक छोटा गाळा. बाहेर 'आपले सरकार सेवा केंद्र' असा बोर्ड, म्हातारी माणसं अजून सेतूच म्हणतात. गावाचं आणि केंद्राचं नाव लिहीत नाहीये, कारण चालवणाऱ्या ताईंनीच सांगितलं की नाव नका टाकू, आहे तीच गर्दी आवरत नाही. त्यांचा शब्द पाळतेय. पण कुठल्याही केंद्रात गेलात तर काय बघायचं, काय विचारायचं हे तरी यातून कळेल.

काम होतं भाचीच्या नॉन क्रिमीलेयरचं, म्हणजे ओबीसीतल्या पुढारलेल्या थरात आपलं घर मोडत नाही असा दाखला. बारावी सायन्स झालीय, सीईटी दिलीय, कॅप राउंडला, म्हणजे कॉलेजच्या केंद्रीय प्रवेश फेरीला, ओबीसीतून फॉर्म भरायचा तर हा दाखला लागतोच, आणि तो चालू शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत व्हॅलिड असावा लागतो. दादा झेडपीच्या शाळेत उपशिक्षक, वहिनी घरी, गावाकडे थोडी कोरडवाहू. तो आधी दुसऱ्याच एका केंद्रात जाऊन आला होता. तिथल्या मुलाने मान वर न करता विचारलं, पगार किती. दादा म्हणाला वर्षाला नऊच्या पुढे जातो. मुलगा म्हणाला, मग बसत नाही, आठ लाखाची लिमिट आहे, नेक्स्ट. एवढंच. अर्ज नाही, नकार नाही, कुठल्या कागदावर एक ओळ नाही, आणि घरी येऊन सगळ्यांनी ठरवूनही टाकलं की राहू दे, ओपनमधूनच भरू. माझा भाऊ वर्षभर पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म भरणारा माणूस आहे, तरी त्याला वाटलं नाही की हे पुन्हा कुठे विचारून बघावं, कारण 'आठ लाख' हा आकडा आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलाय की तो ऐकला की पुढचं कोणी ऐकतच नाही.

मला ते काही पटेना. म्हणून भाचीला घेऊन मी या ताईंकडे गेले. त्यांनी कागदाला हात लावला नाही. आधी भाचीला स्टुलावर बसवलं आणि विचारायला लागल्या.

"पप्पा कुठल्या पदावर आहेत बाळा? वर्ग तीन ना?"

भाची म्हणाली, "झेडपीत शिक्षक आहेत."

"मग वर्ग तीनच. आई नोकरीला आहे का?"

"नाही, घरीच असते."

"शेती सोडून दुसरं काही? भाड्याने दिलेलं घर, दुकान, धंदा?"

मी म्हटलं, "नाही ओ ताई, बँकेतलं थोडंफार व्याज असेल तेवढंच."

"मग पगार धरायचाच नाही. शेतीचंही धरायचं नाही. राहिलं काय, व्याज. ते काय आठ लाख असणारे का? बसतंय की. सरांना म्हणावं तीन वर्षांचे फॉर्म सोळा घेऊन या, पद दिसलं पाहिजे आणि पगार वेगळा दिसला पाहिजे."

झालं. दोन मिनिटं पण लागली नाहीत. भाची माझ्याकडे बघायला लागली, आत्या म्हणजे मला ओबीसीतून भरता येणार? मी सांगते, त्या वेळी मला त्या ताईंचे पाय धरावेसे वाटले.

आता हा नियम काय आहे ते नीट लिहिते, कारण अनेक घरांत याच कारणाने मुलं ओपनमधून भरतायत. 1992 ला इंद्रा साहनी खटल्याचा निकाल लागला, त्यात ओबीसींमधला पुढारलेला थर वगळा असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आणि 8 सप्टेंबर 1993 ला केंद्राने क्रिमीलेयर कसं ठरवायचं त्याचं पत्रक काढलं. त्यात नोकरदारांचं ठरवताना मुख्यतः पद बघायचंय. आईवडिलांपैकी कोणी एक थेट वर्ग एकमध्ये लागलेला असेल तर क्रिमी, दोघंही थेट वर्ग दोनमध्ये लागलेले असतील तर क्रिमी. बाकीच्यांना उत्पन्नाची कसोटी आहे, पण त्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवायचं नाही असं स्पष्ट म्हटलंय. उत्पन्नाची लिमिट 1993 ला 1 लाख होती, मग 2004 ला अडीच, 2008 ला साडेचार, 2013 ला 6 आणि 2017 पासून 8 लाख. म्हणजे सगळ्यांच्या तोंडी जो आकडा आहे तो पगाराला लावायचाच नाहीये, सरकारी नोकरीत खालच्या वर्गात असलेल्या माणसाला तर नाहीच. (खाजगी कंपनी आणि सरकारी महामंडळांच्या नोकरीत पद कुणाच्या बरोबरीचं धरायचं यावर वाद आहे, 2004 च्या एका खुलाशाने तो अजून वाढवला, त्यामुळे तुमच्या घरी तसं असेल तर माझ्यावर विसंबू नका, नीट विचारा.) आणि अजून एक, लग्न झालेल्या मुलीचं क्रिमीलेयर तिच्या आईवडिलांवरून ठरतं, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही. हेसुद्धा शेकडो मुलींना माहीत नसतं आणि त्या स्पर्धा परीक्षेचे फॉर्म ओपनमधून भरून मोकळ्या होतात.

ताईंचं खरं कौतुक पुढे आहे. आम्ही खूश होऊन उठायला लागलो तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "ताई, रिझर्वेशन मिळेल, पण मुलींची फी माफी आहे ना, ती मिळणार नाही. तिथे पगार धरतात. घरी आत्ताच सांगा, नंतर फीचा घोळ नको."

आणि खरंच आहे ते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर, आणि इथे एकूण उत्पन्न मोजतात, पगारासकट. आता ईडब्ल्यूएस घ्या, 2019 ला आलं, तिथेही 8 लाख. पण तिथे पगार, शेती, धंदा सगळं धरायचं, आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला वर 5 एकर शेती किंवा 1000 चौरस फुटांचा फ्लॅट असेल तर उत्पन्न कमी असूनही बाद. म्हणजे आकडा एकच, गणितं तीन. एकाच घरातली मुलगी एका 8 लाखात बसते आणि दुसऱ्या 8 लाखात बसत नाही, आणि दोन्ही बरोबर! पेपरात हेडिंग मात्र 'आठ लाखांची मर्यादा' एवढंच येतं, लोकही तेवढंच लक्षात ठेवतात आणि काउंटरवरचा पोरगाही.

मी घरी येऊन यावर बराच विचार केला. पहिल्यांदा राग आला की एवढं किचकट करायचं कशाला, एकच सरसकट लिमिट ठेवा ना. पण मग लक्षात आलं की सरसकट ठेवली असती तर दादासारखा माणूस सरळ बाहेर गेला असता. शिक्षक, पोलीस हवालदार, कारकून यांचा पगार वेतन आयोगाने वाढतो, त्याने त्यांची सामाजिक परिस्थिती कलेक्टरच्या घरासारखी होत नाही, म्हणून पद बघा पगार बघू नका असं ठरवणाऱ्यांनी विचार करूनच ठरवलं. शेतीचं उत्पन्न तर पावसावर, कुठलं वर्ष धरणार? अपवाद आहे त्याच्यामागे कुणाचा तरी न्याय आहे. म्हणून मला नियम किचकट असण्याचा राग नाही राहिला. राग याचा आहे की ती गुंतागुंत सरकारने पेलायच्या ऐवजी रांगेतल्या माणसाच्या डोक्यावर टाकलीय. अठरा वर्षांच्या पोरीने 1993 चं पत्रक वाचून यावं अशी अपेक्षा आहे का? आणि ती वाचून आली नाही तर निर्णय कोण घेतं? कागदोपत्री निर्णय सक्षम अधिकाऱ्याचा. प्रत्यक्षात आमच्या दादाच्या बाबतीत निर्णय घेतला मान वर न करणाऱ्या त्या मुलाने, ज्याच्याकडे कुठलाही अधिकार नाही, ज्याला कोणी जाब विचारणार नाही, ज्याने काही चुकीचं केलं असं त्याला स्वतःलाही वाटत नसेल. अधिकाऱ्यापर्यंत अर्ज पोचलाच नाही. जो अर्ज आलाच नाही त्याचा हिशोब कुठल्या रिपोर्टमध्ये येत असेल, सांगा.

असो, केंद्राकडे वळते.

भिंतीवर ताईंनी हाताने लिहिलेला एक मोठा तक्ता आहे, मार्करने, मोठ्या अक्षरात. कुठल्या प्रवर्गाला कुठल्या तारखेच्या आधीचा पुरावा: एससी 10 ऑगस्ट 1950, एसटी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त भटके 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी 13 ऑक्टोबर 1967. त्याच्या खाली लिहिलंय 'आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर घाबरू नका, कोतवाल बुक बघू'. म्हणजे गाव नमुना 14, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांनी कुठून आणायचा दाखला, आणि असे आजोबा कुणाचे असणार, ज्यांच्यासाठी आरक्षण आहे त्यांचेच ना. तर तिथे उत्तर तयार आहे. नोंद मोडीत निघाली तर मोडी वाचणारा कोण आहे तेही त्या सांगतात. ही माहिती सरकारी पोर्टलवर नसते असं नाही, पण ती जिथे असते तिथपर्यंत हा माणूस पोचत नाही, आणि भिंतीवर असली की रांगेत उभं राहून वाचता येते.

तक्त्याच्या खाली दुसरी ओळ लाल रंगात: 'प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही'. समोरच स्टॅम्प व्हेंडर बसतो, तरी लावलीय. सरकारी कचेरीत आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क 1 जुलै 2004 च्या अधिसूचनेने माफ आहे. दोन हजार चारच्या! तरी वर्षानुवर्षं लोक उत्पन्नाच्या, जातीच्या दाखल्यासाठी शंभराचा स्टॅम्प घेत राहिले. ऑक्टोबर 2024 ला 100 चा स्टॅम्प बंद होऊन किमान 500 चा झाला तेव्हा ओरड झाली, मग 2025 ला महसूलमंत्री बावनकुळेंनी विद्यार्थ्यांच्या दाखल्यांना हे 500 रुपये माफ असल्याचं जाहीर केलं. चांगलं केलं. पण जे आधीच माफ होतं ते एकवीस वर्षांनी पुन्हा माफ करावं लागलं, हे कसं झालं असेल? माझ्या मते असं होतं की नियम इतके असले की समोरच्या क्लार्कला कुठला चालू आहे याची खात्री नसते, आणि खात्री नसली की तो जास्तीचा कागद मागतो. जास्त कागद मागितला म्हणून कोणावर कारवाई झाल्याचं ऐकलंय का कधी? कमी कागदावर सही केली तर मात्र चौकशी लागू शकते. मग तो बिचारा 'असू दे, जोडून द्या' म्हणतो. मार्च 2015 ला राज्य सरकारने प्रतिज्ञापत्रांच्या जागी साधं स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच्या सहीच्या झेरॉक्स चालतील असं काढलं, तेही अजून सगळीकडे पोचलेलं नाही.

आम्ही बसलो होतो तेव्हा एक आजोबा आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, त्यात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले सातबारे. भाऊ वारलेला, त्याच्या पोरांची नावं लावायची होती. त्यांना कुणीतरी सांगितलेलं की कोर्टातून वारस दाखला आणावा लागेल, वकिलाचा खर्च ऐकून ते घाबरून गप्प बसले होते, दरम्यान बरीच वर्षं गेली. ताईंनी विचारलं, "आजोबा, भाऊबंदांत वाद आहे का?" ते म्हणाले, "न्हाई गं पोरी, समदी एका ताटात जेवत्यात." "मग कोर्ट कशाला? मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, अर्ज, बास. तलाठी फेरफार घेईल, नोटीस निघेल, पंधरा दिवस हरकत आली नाही तर सर्कल मंजूर करेल." आजोबा दोनदा म्हणाले, कोर्ट नको ना, नक्की ना. मग तिथेच खाली बसले आणि पिशवीतून एकेक कागद काढायला लागले.

हे छोटं प्रकरण वाटतं पण नाहीये. मेलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर राहिलं की पोरांना पीक कर्जाला अडचण, विम्याला अडचण, पीएम किसानचे वर्षाचे 6000 येत नाहीत. जमीन महसूल संहिता 1966 ची, त्यात वाद नसलेल्या वारस नोंदीची पद्धत साधी सरळ दिलेली आहे. तरी राज्यभर इतक्या नोंदी तुंबल्या की 2025 ला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढावी लागली, आधी बुलढाण्यात सुरू झाली, मग 1 एप्रिलपासून सगळ्या राज्यात. ही मोहीम मला मनापासून आवडली, कारण तलाठ्याने गावात चावडीवर वाचन करून मयत खातेदार शोधायचे होते, म्हणजे माणसाने कचेरीत यायचं नाही, कचेरीने गावात जायचं. आजोबांसारखे लोक अर्ज का करत नाहीत याचं उत्तर 'त्यांना गरज नाही' असं नसतं. त्यांनी कुठेतरी अर्धवट ऐकलेलं असतं, त्यावरून खर्चाचा अंदाज बांधलेला असतो, आणि काही न करणं त्यांना सगळ्यात सुरक्षित वाटतं. माझ्या भावासारख्या शिकलेल्या माणसाने हेच केलं, मग आजोबांना काय नावं ठेवणार.

कचेरीच्या बाजूनेही बोलायला हवं. जूनमध्ये तहसीलदारासमोर दाखल्यांचा जो ढीग पडतो तो मी खिडकीतून बघितलाय. बारावीचा निकाल, दहावीचा निकाल, अॅडमिशन, शिष्यवृत्ती, सगळं एका महिन्यात. त्या माणसाने प्रत्येक अर्जात पद कुठलं, पगार वेगळा काढलाय का, शेती किती हे बघायचं म्हटलं तर रात्र होईल. मग तो खालच्या शेऱ्यावर सही करतो, खालचा त्याच्या खालच्या शेऱ्यावर. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदती घातल्या, उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस, उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 दंड, दोन अपिलं आणि तिसरं आयोगाकडे. चांगला कायदा आहे, मी वापरलाय, उपयोग होतो. पण मुदतीच्या आत निर्णय घ्यायचा आणि पूर्ण वाचायला वेळ नाही, अशा वेळी सगळ्यात सोपं काय, तर 'त्रुटी' लावून अर्ज परत पाठवणं. अर्ज नामंजूर करायचा तर लेखी कारण द्यावं लागतं, त्रुटीला दोन शब्द पुरतात, 'कागदपत्रे अपूर्ण'. कुठली अपूर्ण? ते शोधा तुम्ही.

या ताई इथे काय करतात ते बघा. अर्ज अपलोड करताना त्या सगळ्यात वर एक साधं पान जोडतात, टाइप केलेलं: अर्जदाराचे वडील अमुक पदावर, गट क (म्हणजे वर्ग तीन), वेतन इतके (वगळले), शेती इतकी (वगळली), इतर उत्पन्न इतके, कागद पान नंबर अमुक ते अमुक. हे पान कुणी मागितलेलं नाही, कुठल्या जीआरमध्ये नाही. पण सही करणाऱ्याला एका नजरेत कळतं आणि त्रुटी लावायला जागा राहत नाही. भाचीचा दाखला एकही त्रुटी न लागता आला. मी त्यांना विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाल्या, "कुणी शिकवलं नाही ताई, मीच विचार केला की साहेबांच्या जागी मी असते तर मला काय बघायला आवडलं असतं." सगळ्या केंद्रांना हे एक पान सक्तीचं केलं तर मला वाटतं निम्मी भांडणं मिटतील.

आणि सरकारला जमत नाही असं मला कोणी सांगू नये. लाडकी बहीणचं आठवा. 28 जून 2024 ला जीआर निघाला, त्यात अडीच लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, पाच एकराची अट, सगळं होतं. आठवडा नाही झाला तर सगळ्या तहसील कचेऱ्यांसमोर बायकांच्या रांगा, एजंटांची चांदी. आणि 2 जुलैला विधानसभेत बदल जाहीर झाले, पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, डोमिसाइल नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार कार्ड, शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला यातलं काहीही चालेल, पाच एकराची अट काढली. रांगा ओसरल्या. म्हणजे सरकारकडे जी माहिती आधीपासून आहे ती पुन्हा लोकांकडून मागायची नाही असं ठरवलं की चार दिवसांत होतं! पुढे 2025 ला छाननी होऊन 26 लाखांवर लाभार्थ्यांचे पैसे थांबवले गेले, एकाच घरात जास्त जणी, दुसऱ्या योजनेतलेही पैसे घेणाऱ्या, काही सरकारी कर्मचारी असं सगळं निघालं, मग ई-केवायसी आलं. म्हणजे दारातली तपासणी काढली तर ती मागच्या दाराने परत येते हेही खरं. पण मला विचाराल तर अर्ज सोपा ठेवून नंतर सरकारने आपल्या रेकॉर्डवरून तपासणं हेच जास्त बरोबर, कारण तपासणीचं ओझं ज्याच्याकडे माणसं, कॉम्प्युटर आणि रेकॉर्ड आहे त्याच्यावर पडतं. फक्त ती तपासणी वेळेवर हवी, वर्षभराने नको, नाहीतर बाईने त्या पैशावर पोराची शाळेची फी बसवलेली असते.

स्वतः घरून ऑनलाइन करता येतं का? येतं, आणि ज्यांना जमतंय त्यांनी जरूर करा. पण फोटो 5 ते 20 केबीत बसवा, कागद 75 ते 500 केबीत, फोटोची रुंदी ठरलेली, उंची ठरलेली, आणि एखादा आकडा इकडेतिकडे झाला की सुरुवातीपासून. मला पुण्यात बसून लॅपटॉपवर ते जमेल, पण गावात मोबाइलवर करणाऱ्याची दमछाक होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोर्टल तुम्हाला 'तुम्ही पात्र आहात का' हे सांगत नाही, ते फक्त कागद मागतं. पाच प्रश्न विचारून पात्रता सांगणारं एक पान बनवणं अवघड नाही, ताई तोंडी तेच करतात.

आता अर्धा स्टार. बसायला जागा नाही, दोन स्टुलं आहेत, म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं राहावं लागतं, बाहेर एखादी ताडपत्री लावायला हवी. पाण्याचा माठ असतो पण दुपारपर्यंत संपतो. दुसरं जरा गंभीर आहे, सगळं ज्ञान एकट्या ताईंकडे आहे. त्या जेवायला गेल्या की मदतीला असलेला मुलगा फक्त स्कॅन करतो, कुणी काही विचारलं की 'ताई आल्यावर विचारा', आणि हे त्याचं बरोबरच आहे, चुकीचं सांगण्यापेक्षा बरं. पण त्या आजारी पडल्या तर सगळा तालुका अडतो. त्यांनी ते प्रश्न लिहून काढून त्या मुलाला शिकवायला हवेत, मी तसं बोलले त्यांना, हो म्हणाल्या.

पैशाचं चोख. दरफलक दर्शनी लावलेला, पावती न मागता देतात, पावतीवर अर्ज क्रमांक असतो तो जपून ठेवा, त्यावरूनच अपील करता येतं. झेरॉक्स आणि स्कॅनिंगचे वेगळे घेतात पण आधी सांगून. 'साहेबांचे' वगैरे काही नाही. अर्जंट करून देतो असं कुणी म्हणत नाही, आणि कुठे म्हणालेच तर तिथून निघा.

जाणार असाल किंवा आपल्या गावातल्या केंद्रात जाणार असाल तर एवढं करा. जूनची वाट बघू नका. नॉन क्रिमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने काढलेला एक वर्षाचा दाखला अॅडमिशनच्या वेळी बाद होऊ शकतो, एप्रिल लागला की पहिल्या पंधरवड्यात जा, तेव्हा गर्दी नसते आणि ताईंना बोलायला वेळ असतो. नोकरदारांनी पद दिसेल असा कागद न्या, नुसती सॅलरी स्लिप नको. 'बसत नाही' असं कुणी तोंडी सांगितलं तर कुठल्या नियमाने ते विचारा, आणि तरीही नाहीच म्हणाले तर अर्ज करायचाच, नामंजूर झाला तर कारण लेखी मिळतं आणि तिथून 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. जातीचा दाखला असेल पण व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नसेल तर अकरावीतच अर्ज टाका, बारावीनंतर पडताळणी समितीकडे धावपळ होते. दुपारी दीड ते अडीच ताई जेवायला गेलेल्या असतात, सोमवारी बाजार असतो म्हणून त्या दिवशी जाऊ नका, मंगळवार-बुधवार सकाळी लवकर गेलात तर पंधरा मिनिटांत काम होतं.